खंडेनवमीचे पट्टे

कुणाला पालीची किळस येते, कुणाला दुधावरच्या सायीची. रेणुका आखाडेला ती लाल स्पिरिटची आली आणि अजून गेलेली नाही.

रेणुका मूळची डोणगावची. चिखलीच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि विभागप्रमुख जवंजाळ सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. विषय असा, की सांगायला गेलं तर नातेवाईक जांभया देत. आई, आशाबाई, मात्र एकदा हट्टालाच पेटली, तेव्हा रेणुकानं तिला समजावून सांगितलं. काचेवर प्लास्टिकच्या दोन जातींच्या बारीक साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या रोवायच्या. एक टोक घट्ट, दुसरं मोकळं. दोन्ही जातींचं एकमेकींशी पटत नाही, पण पाय रोवलेले, त्यामुळे पळताही येत नाही. मग जी ती आपल्या जातीकडे झुकते आणि काचेवर पट्टे पडतात, एक हिचा, एक तिचा. हे झालं सपाट काचेवर. त्याच साखळ्या डोळ्याला न दिसणाऱ्या गोल मण्यावर रोवल्या तर काय होतं, हे रेणुका शोधत होती.

“गोल म्हंजे लिंबासारखं?” आईनं विचारलं.

“हाव. लिंबाले टाचण्या टोचल्या त बुडाशी दाटी असते, पण वर डोक्शी फाकतात. जागा भेटते त्याईले.”

“मंग भांडण कायचं? एका खोलीतल्या जावा भांडतात. वावरात घरं बांधून राह्यल्या का गोड बोलतात.”

रेणुकाला प्रयोगात तसंच दिसत होतं. मणी जितका लहान तितका त्याचा बाक जास्त आणि तितके पट्टे फिके. अगदी लहान मण्यांवर ते पडतच नव्हते. पंचाईत एवढीच, की जवंजाळ सरांनी उभ्या हयातीत एकच गोष्ट छापली होती: काच असो की मणी, पट्टे सगळीकडे सारखेच पडतात. सरांच्या सहीशिवाय प्रबंध दाखल होत नाही. खरं लिहिलं तर पदवी जाणार, हे रेणुकाला दिसत होतं, आणि तरी सर पुरावा बघून मानतील अशी भाबडी आशा तिला होती.

खंडेनवमीला विभागात यंत्रांची पूजा होते. तराजू, भट्टी, पंप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्यात वाईट काही नाही. फुलं रेणुकाच आणायची. त्या वर्षी सरांच्या भक्तीला जरा जास्तच भरतं आलं. नागपूरला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली काळेपांढरे फोटो काढायला पाठवायच्या मण्यांची डबी पाटावर होती. सरांनी पळीभर पाण्यात कुंकू कालवलं आणि डबीच्या झाकणाला भरपूर माखलं. झाकण सैल होतं.

नागपूरहून फोटो आले. लहानातल्या लहान मण्यांवरही पट्टे, काळेभोर. सरांनी विभागात पेढे वाटले.

रेणुकाला झाकणावरचं कुंकू आठवलं. परत आलेल्या डबीत थोडे मणी उरले होते. तिनं ते स्पिरिटमध्ये टाकून हलवले. साखळ्या पायाशी पक्क्या असतात, त्या धुण्यानं जात नाहीत. जातं ते वरून लागलेलं. स्पिरिट लाल झालं. धुतलेल्या मण्यांचे फोटो तिनं पुन्हा काढवून आणले. साखळ्या जागच्या जागी होत्या, पट्टा एकही नव्हता.

ते फोटो आणि लाल बाटली तिनं सरांच्या टेबलावर ठेवली.

“सर, हे कुंकू आहे.”

सरांनी बाटली उजेडात धरली, हुंगली, खाली ठेवली. त्यांना कळलं होतं. कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं आणि लगेच पुसलंही गेलं.

“तू धुतले काऊन?” सर म्हणाले.

“धुवावेच लागतात, सर.”

“कोण पाह्यते? न धुतलेल्या मण्याईवर पट्टे दिसले, असं लिहू. खोटं काय आहे त्यात? देवानं देल्लं त घेऊन घ्यावं माणसानं. तुही पदवी होऊन राह्यली, माहं नाव होऊन राह्यलं.”

आणि ते गोड हसले. पेढ्याचा कण अजून त्यांच्या मिशीत अडकला होता. चुकलेल्या माणसाची कीव येते. चूक चाटूनपुसून खाणाऱ्याचं काय करायचं? रेणुकाला शिसारी आली. तिनं समोरचा चहाचा कप बाजूला सारला.

“माहं नाव काढा, सर.”

“मंग पदवी?”

“थे बी ठेवा तुमच्यापाशीच.”

सरांनी खरंच नाव काढलं. शोधनिबंध त्यांच्या एकट्याच्या नावावर छापून आला, चौकात फलक लागले आणि कॉलेजनं सत्कार ठेवला. सूत्रसंचालन प्राचार्यांनी रेणुकाकडे दिलं. माईकवर तिच्यासारखं कुणी बोलत नाही म्हणे. कोडगेपणाला काही सीमा? पण तिनं नाही म्हटलं नाही. सगळ्यांदेखत एकदा खरं बोलायचं, मग नोकरी गेली तरी बेहत्तर, असं तिनं ठरवलं होतं.

सभागृह भरलं. शाल झाली, श्रीफळ झालं. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी सरस्वतीबाई बसल्या होत्या. रेणुका माईकपाशी गेली. तिचा आवाज स्वच्छ आला.

“सरांच्या मण्यांवर जे पट्टे दिसले, ते साखळ्यांचे नव्हते. खंडेनवमीला सरांनी स्वतःच्या हातानं लावलेल्या कुंकवाचे होते.”

मग प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मागोमाग सगळं सभागृह उठलं. “पूजेले फळ येतेच,” कुणीतरी म्हणालं. “मी ते धुतले, ते निघून गेले,” असं रेणुका माईकवर सांगत होती, दोनदा सांगितलं, पण टाळ्यांच्या कडकडाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. जवंजाळ सरांनी डोळे मिटून वर हात जोडले. सरस्वतीबाई पदरानं डोळे टिपत व्यासपीठावर आल्या, सत्काराच्या तबकातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि रेणुकाची हनुवटी धरून ते तिच्या कपाळाला लावलं.