आधीच्या दळणाचं पीठ

"जाड का बारीक?"

हे ती माणसाकडे न बघता विचारायची. खाली पडणारं पीठ चिमटीत धरून अंगठ्याने बोटावर घासायची आणि दगडाचा दांडा केसभर फिरवायची. भुवया पिठाने कायम पांढऱ्या, त्यामुळे तिचं खरं वय अंबरनाथ पूर्वेत कुणालाच ठाऊक नव्हतं. पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची गिरणी होती. भोवतीच्या शेतांत टॉवर उभे राहिले, त्यातली काही शेतं तिच्याच सासऱ्यांची होती. गिरणी तेवढी राहिली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

नावं तिच्या लक्षात राहत नसत, डबे राहत. तुम्हीही कुठल्या तरी गिरणीत एखाद्या झाकणाच्या नावाने ओळखले जात असाल. कॉलेजात मी मानसशास्त्राचा प्राध्यापक होतो, तिच्याकडे मात्र 'पोचा आलेला स्टीलचा'. दळण टाकायची माझी बायको, आणायचो मी. त्यामुळे जाड की बारीक या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

एका शुक्रवारी वीज गेलेली. डबे रांगेत, माणसं पायरीवर. उल्हासनगरहून इकडे राहायला आलेला एक सिंधी कापडवाला डबा ठेवून म्हणाला, "मौसी, थोडा मोटा पीसना. अम्मा कोकी बनाएगी." कोकी म्हणजे सिंध्यांची जाडसर पोळी.

तो गेल्यावर ती म्हणाली, "आई जाऊन वरीस झाला त्याची."

माझ्यातला प्राध्यापक लगेच जागा झाला. "मावशी, याला नकार म्हणतात. माणूस गेलंय हे मन मान्यच करत नाही."

"त्याला ठाव हाय. अग्नी त्यानंच दिला ना."

"मग असं का बोलतो?"

"कोकी खायची असंल."

मी हार मानली नाही. वीज यायला वेळ होता. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं मी तिला समजावलं: नकार, राग, देवाशी घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आदी बाजरी, मंग जवारी, मंग गहू, असं? आन् मदी गिरनी पुसून घेतात काय?"

"म्हणजे?"

"दगड कदी रिकामा नसतो, सर. तुमच्या गव्हात आदीच्याची बाजरी येतेच. तुमचा गहू पुढच्याच्यात जातो."

हा किस्सा मी वर्गात विनोद म्हणून सांगितला. मुलं हसली, मीही हसलो.

पुढच्याच वर्षी माझी बायको हृदयाच्या झटक्याने गेली. आदल्या दुपारी तिने चार किलो गहू निवडून त्या डब्यात भरला होता, उद्या टाकते म्हणून. पंधरा दिवसांत मी कॉलेजात रुजू झालो. मुलीला पुण्याला फोनवर सांगितलं की मी हे स्वीकारलंय. तसं वाटतही होतं. फक्त तो डबा मला गिरणीत नेता येत नव्हता. दळला तर तिच्या हातचं शेवटचं काम आठवडाभरात खाऊन संपणार. मी पाकिटातलं पीठ आणू लागलो.

पावसाळ्यात गव्हात टोके झाले. तो डबा घेऊन मी मावशीकडे गेलो आणि म्हणालो, "दळू नका. फक्त किडे काढता येतील का बघा."

तिने मूठभर गहू हातात घेतला. एकेक दाणा निवडलेला होता. दुसऱ्या दिवशी या, एवढंच म्हणाली. गेलो तेव्हा गहू चाळून, पत्र्यावर ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून तयार होता. दीड वर्षात मी पाच वेळा तो डबा नेला, पाचही वेळा तिने तेच केलं. 'सर, कधीपर्यंत?' असं एकदाही विचारलं नाही. घरातलं कुणी गेलेल्या विद्यार्थ्यांना मी किती घाईने एकेका पायरीवर उभं करायचो ते आठवून मला लाज वाटायची. आणि रांगेत एवढे डबे ताटकळत असताना एका न दळायच्या गव्हासाठी चाळण घेऊन बसलेल्या तिच्याकडे मी थक्क होऊन बघत राहायचो.

सहाव्यांदा पाला बदलायला गेलो आणि तोंडातून निघालं, "दळा." का, ते आजही सांगता येणार नाही. कुठल्याच पायरीवर नव्हतो मी. येताना कोथिंबीर घ्यायची, एवढंच डोक्यात होतं.

तिने पाला काढला, गहू ओतला. आता ती विचारणार, आणि मला उत्तर माहीत नाही, या विचाराने मी घाबरलो. इतक्या वर्षांत बायको काय सांगायची ते मी कधी विचारलंच नव्हतं. पण मावशीने दांडा आधीच फिरवला होता.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "बाईंना मध्यम लागायचं. बोटाला थोडा रवा लागंल असं."

मी तिथेच, लोकांच्या डब्यांमध्ये बसून रडलो. तिने दळण पुरं केलं आणि डबा माझ्यापुढे ठेवला. "गरम हाय. झाकन लगेच लावू नका."

गेल्या थंडीत मावशी गेली. चार दिवस ताप आला आणि संपलं. गिरणी तेरा दिवस बंद होती. चौदाव्या दिवशी मी डबा घेऊन पहिला उभा राहिलो.

"जाड का बारीक?" तिच्या सुनेने माझ्याकडे बघून विचारलं.

"मध्यम."

मोटर सुरू झाली. सुनेने माझा डबा बाजूला सरकवून खाली परात धरली. "आतलं आधी निघू दे, सर. आईंनी शेवटची बाजरी दळली होती, तिचं पीठ राहिलंय दगडात. गाईला घालते."

मी परात काढून घेतली आणि डबा पुढे सरकवला.

"अहो, बाजरी मिसळेल."

"मिसळू दे."

आधी करडं पीठ पडलं, मुठीएवढं. मग त्यावर माझा गहू आला. डबा भरला तेव्हा चांगलाच गरम होता. मी झाकण न लावता घरी घेऊन आलो.