हळद जिकडे वळते

गुणाजी गवंड्याला डोंबिवलीत सगळे ओळखायचे ते गळक्या हौदांसाठी. नवं बांधकाम त्याला कोणी देईना, ते सिमेंटवाल्यांकडे गेलं. पण परसातला जुना चुन्याचा हौद पाणी टाकायला लागला की माणूस ठाकुर्लीच्या चाळीत निरोप धाडी.

त्याची रीत बापाकडून आलेली. हौद काठोकाठ भरायचा, कोळशाने रेघ मारायची आणि शेजारी पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं. घमेल्यात उतरलं ते उन्हाचं, हौदात त्याहून जास्त उतरलं ते चोराचं, म्हणजे गळतीचं. मग वरून पाणी न घालता वाट बघायची. उतरता उतरता पाणी ज्या उंचीवर थांबेल, त्या उंचीला चोर. शेवटी वारं सुटायच्या आत, सकाळी, थांबलेल्या पाण्यावर दोन बोटं उंचीचं पाणी चढवायचं आणि चिमूटभर हळद सोडायची. हळद भिंतीकडे जिथे वळेल तिथे बोट ठेवायचं.

अण्णांच्या परसातला कमळांचा हौद गुणाजीच्या बापाने बांधलेला, गुणाजीने पोरवयात त्याचा चुना मळलेला. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची बायको होती तोवर दर गुरुवारी त्यातलं कमळ परसातल्या औदुंबराखालच्या पादुकांवर जाई. ती गेल्यावर कमळं तोडायचं काम सुनेकडे, सुमतीकडे आलं. आणि हौद भरायचंही.

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर सुमतीने गुणाजीला परसात उभं करून सांगितलं, "गुणाजी, तुमच्या हौदाला पाणी पाजता पाजता माझे हात वीतभर लांब झाले. रोज चाळीस कळशा! उन्हाळ्यात विहीर तळाला जाते तेव्हा आम्ही काय हळद-कुंकू पिऊन राहू?"

"वहिनी, दोनदा चोर बुजवला. तिसऱ्यांदा बसंल."

ओसरीवरून अण्णा म्हणाले, "तिसरी वेळ शेवटची. दत्तजयंतीला हौद भरलेला दिसला तर ठीक. नाही तर माती टाकून बुजवून टाकू. सुनेला मी किती राबवू?"

बापाच्या हातचे बाकीचे हौद एक एक करून बुजले होते. हा एवढाच उरला होता.

चोर कुठे आहे ते त्याला दोन्ही वेळेला कळलं होतं. औदुंबराचं अंगठ्याएवढं मूळ भिंतीत शिरलं होतं. त्याच्याभोवती तो चुना, विटांच्या भुकटीची सुरखी आणि गूळ-हिरड्याचं पाणी घालून गिलावा करी. मूळ फुगलं की गिलावा फुटे. बाप असता तर त्याने बाहेरून खणून मूळ अख्खं ओढून काढलं असतं. पण बाहेर पादुकांची शिळा होती आणि वर औदुंबर होता. अण्णांनी पहिल्याच वेळी बजावलं होतं, "झाडाला पोलाद लागता कामा नये." ते बजावायची गरज नव्हती. गुणाजी स्वतः गुरुवार धरणारा.

कार्तिकातल्या एका दुपारी घर जेवून पडलं होतं. गुणाजी रिकाम्या हौदात उतरला. भिंत फोडली, मूळ उघडं केलं आणि बराच वेळ बघत बसला. मग छिन्नी लावली. पांढरा चीक मनगटावर ओघळला. "महाराज, एक बोट घेतलं तुमचं," तो पुटपुटला. बाप म्हणायचा, जितं मूळ त्रास देतं, मेलेलं मूळ वाट देतं. ते त्याला आठवलं नाही असं नाही. आपण आहोत तोवर टिकेल, एवढाच त्याने हिशेब केला आणि वर गिलावा चढवला.

दत्तजयंतीला हौद भरून होता. आठ दिवसांत पाणी रेघेखाली घमेल्याएवढंच उतरलं होतं. सुमतीने सुंठवडा दोनदा दिला. अण्णांनी नारळ हातात ठेवला. "तुझ्या बापाचा हात उतरलाय रे तुझ्यात." गुणाजीने औदुंबराकडे पाठ करून नारळ घेतला. घरी आल्यावर रंगूबाईने, त्याच्या बायकोने, नारळ फोडायला घेतला तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मला न्हाई खायाचा."

"का? नासका हाय?"

"न्हाई. चांगला हाय."

वैशाखात सुमतीचा निरोप आला. हौद एका रात्रीत अर्ध्यावर आला होता. गुणाजीने हळद सोडली. ती आधी कधी वळली नव्हती अशी वळली, सरळ रेघ धरून भिंतीकडे पळाली. कान लावला तर आत पाणी घोट घेतल्यासारखं वाजत होतं. मूळ आतल्या आत कुजून पोकळ झालं होतं. भिंतीपासून पार शिळेखालपर्यंत नळीच तयार झाली होती. वर बघितलं तर त्या बाजूची औदुंबराची फांदी वाळलेली.

तो ओसरीपुढे जाऊन उभा राहिला. "अण्णा, मूळ मी तोडलं. कार्तिकात. तुम्ही झोपला होतात."

अण्णा कितीतरी वेळ पोथीच्या फडक्याची गाठ सोडत आणि बांधत राहिले. "इतकी वर्षं जे थांबलं नाही ते एकाएकी थांबलं," ते म्हणाले, "आणि कसं थांबलं ते मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "माती आण."

"शिळा उचलू दिली तर अजून—"

"गुणाजी, माती आण."

माती त्यानेच ओतली. दोन दिवस लागले. बापाने काठाला काढलेली वेलाची नक्षी शेवटच्या पाटीखाली गेली. सुमतीला राहवलं नाही. तिने चिखलातून कमळाचा एक कांदा वेचून फडक्यात बांधून दिला. "न्या हो. कुठेतरी लावा. सासूबाईंचा आहे."

चाळीत परस कुठलं? रेघेशेजारी ठेवायचं ते घमेलं त्याने दाराशी मांडलं, चिखल घातला, कांदा खोचला. वर पाणी घातलं. एक पान आलं, पाण्यावर टेकलं, कडेने काळं पडलं आणि गेलं. रंगूबाई म्हणाली, "आता कशाला घालताय पाणी त्यात?"

त्यानंतर कल्याणहून, ठाण्याहून दोन-तीन निरोप आले. तो गेला नाही. पण घमेल्यात तो रोज सकाळी बोट बुडवून बघायचा. बोटभर उतरलेलं असायचं, तेवढंच, उन्हाचं.