जॅसिंताचा जोडीदार

टाळी वाजली की जोडीदार बदलायचा, असा त्या नाचाच्या वर्गाचा नियम होता. बायका जागेवर उभ्या राहायच्या, पुरुष एकेक जागा पुढे सरकायचे. जॅसिंतापाशी आलेला पोरगा मात्र तिला वळसा घालून जायचा. तिचा डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा हवेत असायचा, उजवा कुणीतरी धरल्यासारखा. डोळे उघडे. समोर कोणी नाही.

आता ती नाही. आम्ही दोघी पाचूबंदरच्या, ती ख्रिस्ती कोळीण, मी हिंदू. बाजारात आमच्या मासळीच्या पाट्या शेजारीशेजारी असायच्या. हायवेच्या बाजूला एक नाइट क्लब आहे, त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही रविवारी दुपारी कोळंबी आणि पापलेट पोहोचवायचो. दुपारी क्लब रिकामा, म्हणून तिथे साल्सा नावाचा परदेशी नाच शिकवायचे. टॉवरमधली नोकरीवाली पोरं-पोरी यायची. शिकवणारा पोरगा केसांची शेंडी बांधायचा. एकदा तो आम्हाला म्हणाला, "मावशी, या ना, मजा येईल. वजन पण कमी होतं."

"माझा वजन कमी झाला तर पाटी कोन उचलील, तू?" जॅसिंता म्हणाली. पोरं हसली. ती हसली नाही. आत काळोखात, दारूच्या बाटल्या मांडलेल्या फळीकडे कुठेतरी बघत राहिली, मग पाटी खाली ठेवून सरळ नाचायला गेली.

मी दारातच थांबले. जॅसिंता नाचली, हे गावात कुणी खरं मानलं नसतं.

घरची होडी समुद्रात असली की बाईने नाचायचं नाही, असं तिच्या सासूने तिला सांगून ठेवलं होतं. तिचा नवरा पास्कू एकटाच होडी घेऊन जाळं बघायला गेला, त्या दिवशी शेजारी लग्न होतं. बँड लागला आणि हिचे पाय हलले. पास्कू आला नाही. होडीची फळीसुद्धा मिळाली नाही. तेव्हा तिचा पोरगा आंतोन शाळेत होता. आज आंतोनची मुलगी कॉलेजात जाते. मधल्या काळात पोराच्या लग्नातही जॅसिंता बँडसमोर खुर्चीत दगडासारखी बसली. "होडी अजून पान्यात हाय," एवढंच म्हणायची.

आंतोन दर वर्षी मागे लागायचा, बापासाठी चर्चमध्ये मृतांची मिस्सा ठेवू, दफनभूमीत क्रूस लावू. मृतांच्या दिवशी सगळे आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, आपण कुठे लावायच्या? ती म्हणायची, "मेल्याची मिस्सा केली नि तो आला, तर त्याला कोनत्या तोंडानं जेवाया वाढू?"

त्या दिवशी परतताना रिक्षात मी विचारलं, "काय गो, लागली का होडी किनाऱ्याला?"

"लागली. तो आत बसलाय, बाटल्यांच्या फळीपाशी. कपडे ओले हायेत."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. तो आलाय, मंग मी नाचनार."

तिला एकटी सोडवेना, म्हणून मीही वर्गात उभी राहू लागले. शेंडीवाल्याने तिला एकदा हटकलं, "आंटी, तुमचा पार्टनर कुठे?"

"तुझ्या पायावर पाय देईल, मागं सर." तो खरंच मागे सरला.

एका रविवारी पुरुष कमी आले होते. मी रिकामी उभी होते. जॅसिंता माझ्याकडे वळली. "याला जरा धर गो. माझी कंबर भरली. उजवा पाय ओढतो, सांभाळून."

भुतंखेतं मी मानत नाही. पाण्यातून काढलेली प्रेतं पाहिली आहेत, त्यांतलं एकही उठून बसलं नाही. मी रागानेच हात पुढे केला. हात जड झाला, गार पडला. भिजलेलं जाळं ओढताना पडतं तसं वजन. मी मागे झाले, तर ते वजन माझ्याबरोबर आलं. "घे तुझा तुला," म्हणून मी हात झटकला. पाट्या उचलून हात म्हातारा झाला, अशी मी मनाची समजूत घातली. मनाने ती घेतली नाही.

नाचाची बातमी गावात पोहोचली. आंतोन भर बाजारात येऊन उभा राहिला. "आय, तू नाचतेस म्हणे. एकदाच सांग, बाप मेला की आला?"

ती सुरमई कापत होती.

"आलाय," ती म्हणाली. "पन थकलाय रे. घरी चल म्हनते, तर उंबऱ्याशी येतो नि थांबतो. त्याला निजायचा हाय. मीच निजू देत नाय." तिने कोयता बाजूला ठेवला. "ठेव तुझी मिस्सा."

मिस्सा झाली. दफनभूमीत क्रूस लागला, खाली रिकामी माती. ती रडली नाही. मीही नाही.

पुढच्या रविवारी मासळी देऊन ती पुन्हा वर्गात आली. हात खाली सोडून उभी राहिली. बाटल्यांच्या फळीकडे बराच वेळ बघितलं, मग शेंडीवाल्याला हाक मारली, "ये रे, मला धर."

त्याने तिला नीट धरलं. दोघं थोडा वेळ नाचली. मध्येच ती थांबली, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे वळली. तिचा चेहरा इतका पडलेला मी मिस्सेच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"किती गरम हाय गो याचा हात," ती म्हणाली.