लेट लतिकेची डबी

पडदे शिवणाऱ्या बाईला माहेरी सगळे लेट लतिका म्हणत. बाई खरं तर कुठेच उशिरा जात नसे. शुक्रवारी द्यायचे पडदे गुरुवारी संध्याकाळीच घडी घालून तयार असत. नाव पडलं ते गाण्यावरून, आणि पाडलं भावोजींनी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. अकरा वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, समोर पोट उघडलेलं घड्याळ आणि ओठांत काहीतरी गुणगुणणं. त्यांनी आयुष्यात एकच गाणं स्वतः रचलं, चार कडव्यांचं. ते धाकटीला शिकवलं दुकानातल्या लंबकाच्या घड्याळाखाली बसवून. "लंबकाशी भांडायचं नाही, त्याच्याबरोबर चालायचं," म्हणायचे. ती चालायची. त्या दुकानात ती एकदाही चुकली नव्हती.

भावोजींचा तेव्हा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. ते म्हणाले, गाणं रेकॉर्ड करू, रेडिओवर माझी ओळख आहे. ठरल्या दिवशी त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. ती गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला घसरली. स्वतःचा आवाज कानांत किंचित मागून यायचा. त्याला सोबत घ्यायला ती थबकायची, तोवर ठेका पुढे निघून गेलेला असायचा. सात वेळा हेच झालं. काचेपलीकडे आई-बाबा आणि ताई बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने भावोजी म्हणाले, "काहींच्या रक्तातच ताल नसतो, त्याला कोण काय करणार?" मग ताई आत गेली आणि घरात ऐकून ऐकून पाठ झालेलं ते गाणं तिने एका दमात म्हटलं. तेच रेडिओवर वाजलं. घरी आल्यावर बाबा एवढंच बोलले, "घड्याळवाल्याच्या पोरीला वेळ कळू नये!" दोन वर्षांनी ते गेले. जाताना हाच समज सोबत घेऊन गेले.

लोकांना वाटायचं, ती विसरली. विसरते कसली! मखमल कापताना तिच्या कात्रीखाली कितीदा भावोजी येऊन गेले, हे लोकांना कळलं असतं तर त्यांनी तिच्याकडून पडदे शिवून घेतले नसते. पण स्वतःच्या गळ्यावरचा विश्वास मात्र तिचा उडाला होता. घरात एकटी असतानाही ती गात नसे.

यंदा नातेवाइकांच्या एका जेवणात भावोजींनी तिची नक्कल केली. डोळे मिटून, मान वाकडी करून, प्रत्येक शब्द ठेक्याच्या मागे फरपटत. सगळे पोट धरून हसले. ती पण हसली, आणि हसता हसता तिने मनाशी ठरवलं की बाबांचं गाणं आपण आपल्या घरात, आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं आणि ह्या माणसाच्या तोंडावर फेकायचं. शंभर वेळा चुकलो तरी चालेल, घरात कोण मोजायला बसलंय?

दुसऱ्या दिवशी ती वाद्यांच्या दुकानात गेली. संगणक होता, माइकही जुना एक होता. दोघांच्या मध्ये लागते ती डबी, जिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, ती हवी होती.

"खिशाला झेपेल अशी दाखवा," ती म्हणाली.

दुकानदार बोलका होता. "एकट्याच गाणार ना? मग एक माइक लावायची सोय पुष्कळ झाली. लोक आठ माइकांची डबी नेतात आणि सात भोकांवरची धूळ पुसत बसतात. ही घ्या, सगळ्यात स्वस्त. लावून बघा."

त्याने माइक जोडला, हेडफोन दिले, संगणकावर साधा टकटक ठेका लावला. तिने घाबरत घाबरत बाबांच्या गाण्याची पहिली ओळ धरली. दुसऱ्या ओळीला तेच झालं. तोच मागून येणारा आवाज, तीच फरपट. हेडफोन काढून ती म्हणाली, "राहू द्या. माझ्या रक्तातच ताल नाही."

"कुणी सांगितलं?" दुकानदार हसला. "अहो मॅडम, तुमचा आवाज डबीतून संगणकात जातो, तिथून फिरून तुमच्या कानात येतो. त्याला वेळ लागतो. संगणक आवाज किती साठवून मग पुढे सोडतो, तो हा आकडा; तो मोठा असेल तर जास्तच लागतो. बाकी काही नाही. आता ही दुसरी बघा, थोडी महाग आहे, पण हिला हे बटण आहे. हे दाबलं की आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात."

त्याने संगणकातून फिरून येणारा तिचा आवाज बंद केला, ठेका तेवढा ठेवला आणि बटण दाबलं. ती गायली. चारही कडवी. ठेका तिच्या पायाखालच्या जमिनीसारखा पक्का राहिला. गाणं संपलं तेव्हा तिने हेडफोन काढले, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"हे रेकॉर्डिंगवाल्यांना ठाऊक असतं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी कळतं. बटण नसेल तर निदान एक कान उघडा ठेवायला सांगतात, म्हणजे स्वतःचा खरा आवाज थेट ऐकू येतो."

म्हणजे भावोजी एक तर मूर्ख होते, नाहीतर... पुढचं तिच्याने विचारातही बोलवेना. त्या घडीला तिला फक्त एकच चित्र दिसत होतं: तोच हेडफोन, तीच फरपट, आणि आत भावोजी. तिने बटणवाली डबी घेतली. तिला ते बटण बंद ठेवण्यासाठी हवं होतं.

रविवारी दुपारी तिने तिघांना जेवायला बोलावलं. आई, ताई आणि भावोजी. शिवणाच्या खोलीत चारही बाजूंनी जाड पडदे लावले होते, बाहेरचा आवाज आत येत नव्हता. जेवणं झाल्यावर ती लाडीगोडीने म्हणाली, "भावोजी, बाबांचं गाणं तुमच्या आवाजात राहावं अशी फार इच्छा आहे. मला काही हे जमत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

"आता काय, लेट लतिकेने स्टुडिओ काढला!" भावोजी फुशारले आणि माइकसमोर बसले. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण ऐट तशीच होती. आकडा तिने सगळ्यात मोठा करून ठेवला होता. ठेका सुरू केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला भावोजी अडखळले. तिसरीला ठेका एकीकडे आणि ते दुसरीकडे. ताईला हसू आवरेना. पडदेवालीच्या मनात नुसता गारवा पसरत होता. आता म्हणायचं, अगदी त्याच सुरात म्हणायचं, काहींच्या रक्तातच... तिने तोंड उघडलं.

भावोजी तिच्या आधी बोलले. चुकले म्हणून लाजले नाहीत, उलट शिकवायच्या हौसेने त्यांचा चेहरा उजळला. "अगं वेडे, संगणकातून आवाज ऐकवतेस होय मला? असं ठेवलं की कुणीही बेताल होतो!" आणि एका हाताने त्यांनी डबीवरचं बटण दाबलं, दुसऱ्या हाताने संगणकातून फिरून येणारा स्वतःचा आवाज बंद केला. दोन्ही हात न चाचपडता जागच्या जागी गेले.

मग ताई भाबडेपणाने म्हणाली, "म्हणून मला तुम्ही एक कान उघडा ठेवायला सांगितलंत त्या दिवशी." वाक्य पुरं झालं आणि तिचं हसू गेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "मला सांगितलंत. हिला का नाही?"

"तेव्हा... अगं, तुझं नाव व्हावं म्हणून..." भावोजी उठायला लागले.

"बसा, जावईबापू," आई म्हणाली. अकरा वर्षांत ती ह्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. "तिचं व्हायचंय अजून. ऐकून जा."

पडदेवालीने त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतले. रेकॉर्डिंग तिने थांबवलं नव्हतंच. ती उभ्यानेच गायली, चारही कडवी, ठेक्याला ठेका, भावोजींच्या डोळ्यांत डोळे घालून. ते खाली बघत बसले. ताई रडत होती. तिला थांब म्हणावंसं पडदेवालीला वाटलं नाही.

रात्रीच्या आत ते रेकॉर्डिंग सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पोचलं. सुरुवातीचं अडखळणं आणि मधलं बोलणं तिने कापलं, भावोजींचं वाक्य मात्र ठेवलं. आधी त्यांचा आवाज, "असं ठेवलं की कुणीही बेताल होतो!", मग टक असा बटणाचा आवाज, मग बाबांचं गाणं. त्यानंतर तिला लेट लतिका कुणी म्हटलं नाही.

आई आता रोज संध्याकाळी ते लावायला सांगते. गाणं एकदाच ऐकते. पहिलं वाक्य मात्र दोनदा-तीनदा लावायला लावते. पडदेवाली एकदा वैतागून म्हणाली, "आई, पुरे आता. झालं ना माझं समाधान."

"तुझ्यासाठी नाही गं," आई बाबांच्या फोटोकडे बघत म्हणाली. "ह्यांनी ऐकलं नव्हतं ना ते. परत लाव."