मी येतो की येते

बारावीनंतर गोंदियाच्या कॉलेजचा फॉर्म आणायला मी निघाले, तेव्हा वहिनी मागून अंगणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, दोन आनजो."

"दुसरा कोनासाठी?"

"मायासाठी. मलेबी शिकाचं हाये."

वहिनीला आमच्या घरी येऊन तीन वर्षं झाली होती. तिचं माहेर सडक अर्जुनीजवळचं. बारावी होताच लग्न झालं आणि ती आमच्या गावी, कामठ्याला आली. तिच्या पेटीत साड्यांच्या खाली व्याकरणाचं एक जाड पुस्तक होतं. ते मी पाहिलं होतं, पण ती ते उघडून वाचते हे मला माहीत नव्हतं. दादाची काही हरकत नव्हती. प्रश्न आईचा होता. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोघी संग जा, संग या. मंग मायी ना नाई."

माझी जुनी स्कुटी होतीच. ठरलं.

कॉलेजात कळलं की पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची आधी भाषेची चाचणी असते. निम्मा पेपर मराठीचा, निम्मा इंग्रजीचा. चुकीची वाक्यं देतात, ती सुधारून लिहायची. गुण चांगले असले तर पहिली तुकडी, नाहीतर दुसरी. "नापास कोणीच नाही," क्लार्क म्हणाला. मला हायसं वाटलं. वहिनीनं मात्र विचारलं, "पहिल्या तुकडीत जास्तीचं काय शिकवतात?"

भाताच्या रोवणीचे दिवस होते. त्यामुळे अभ्यास शेतातल्या बांधीतच व्हायचा. गुडघाभर चिखलात वाकून भाताचे पऱ्हे लावता लावता वहिनी चुकीचं वाक्य फेकायची आणि मी ते सुधारायचं.

"शी डोन्ट गो."

"शी डझन्ट गो," मी म्हणायची.

शेजारी रोवणाऱ्या काकूंनी मान वर केली. "काय म्हनून राहिल्या वो तुमी?"

"ती जात नाही," वहिनीनं अर्थ सांगितला.

"कोन? कुठी जात नाई?"

"मीच, काकू. माहेरी."

अख्खी रांग हसली. मग रोजच कुणीतरी विचारायचं, आज कोण कुठं जात नाही ते सांगा.

इंग्रजीपेक्षा मराठीनंच आम्हाला जास्त छळलं. आमच्याकडं बायासुद्धा 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुस्तकात ते चूक. बाईनं 'येते' म्हणावं. आम्ही 'जाऊन राहिलो' म्हणतो, पुस्तक म्हणतं 'जात आहे'. एका दुपारी जेवताना मी हे मोठ्यानं वाचलं, तर आईचा घास हातातच राहिला.

"म्हंजे मी आतापावतर चुकीचीच येऊन राहिलो होतो का?"

"पेपरात चूक, आई. घरी चालते," वहिनी म्हणाली.

"मंग पेपर घरी येऊ देऊ नका," आई म्हणाली आणि वरणाचं भांडं पुढं सरकवलं.

चाचणी झाली. बाहेर येताना मी खुशीत होते. वहिनी मात्र रस्ताभर मागं बसून एकाच वाक्याचा काथ्याकूट करत होती. तिथं स्वल्पविराम द्यायला हवा होता की नको, हे गाव येईपर्यंत चाललं.

चार दिवसांनी फळ्यावर यादी लागली. वहिनीचा नंबर पहिल्या तुकडीत, वरून तिसरा. माझा पहिल्या तुकडीत नव्हताच. दुसऱ्या यादीत खूप खाली सापडला. पहिल्या तुकडीचे वर्ग सकाळी साडेसातला, दुसऱ्यांचे दुपारी बाराला.

मी "वा वैनी!" म्हटलं खरं, पण आवाज कसा निघाला ते मलाच ठाऊक. शाळेत मी कालपर्यंत जात होते. ती तीन वर्षं चुलीपाशी होती. आणि तिसरी ती!

तिच्या चेहऱ्यावर मात्र वेगळीच काळजी होती. "संग जा, संग या म्हनलं आईनं. आता?" थोडं थांबून तीच म्हणाली, "मी अर्ज देतो. दुसऱ्या तुकडीत येतो तुयासंग."

"हो, तसंच कर," मी लगेच म्हटलं. जरा जास्तच लगेच.

दोन दिवस मी मजेत होते. एकत्र जाणार, एकाच बाकावर बसणार. ती माझ्या पुढं असणार नाही, ही गोष्टही त्या मजेत होती. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं अर्जाचा कागद माझ्यापुढं ठेवला. "एकदा पाहून दे. चूक नाई पाहिजे."

मी पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, विरामचिन्हं ठीक. मधे एक वाक्य होतं: 'मला पहिल्या तुकडीचा अभ्यास झेपणार नाही.' ते मी दोनतीनदा वाचलं. सुधारायला काही नव्हतं. पेन मात्र पुढं जाईना.

"वैनी, हे काऊन लिहिलं?"

"दुसरं काय लिहू? सासू एकटीले जाऊ देत नाई, असं लिहू का? घरचं नाव कायले घेऊ?"

"पन तुले झेपते ना!"

ती कागदाची दुमडलेली कड बोटानं सरळ करत राहिली.

मी उठले आणि आईकडं गेले. ती परसात कोंबड्यांना कणी टाकत होती. मी सगळं सांगितलं. तिसरा नंबर, वर्गांच्या वेगवेगळ्या वेळा, अर्ज. मीच 'हो' म्हटलं होतं तेही सांगितलं. सांगताना माझे कान गरम झाले.

आईनं कणीची वाटी रिकामी केली. "तिसरी आली? मले काऊन नाई सांगतलं?"

"तू संग जा म्हनलं होतं ना."

"तवा म्हनलं होतं. सकाळची बस भरून जाते गोंदियाले. रस्ता काय खाते का तिले?" मग माझ्याकडं रोखून पाहत तिनं विचारलं, "सकाळचा सयपाक कोन करन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. "मी," मी म्हटलं.

त्या सोमवारपासून वहिनी सकाळच्या बसनं जाऊ लागली आणि मी चुलीपाशी आले. पहिल्या आठवड्यात दादानं माझ्या पोळ्या मुकाट्यानं खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "भातच टाकत जाय." आईनं वरणात पाणी किती घालायचं ते तीनदा दाखवलं.

साडेअकराला मी स्कुटी काढायची, तेव्हा वहिनीची बस गावात पोचायची. थांब्यावर आमची पाच मिनिटं भेट व्हायची. तेवढ्यात ती सकाळी काय शिकवलं ते भराभर सांगायची. त्यामुळं दुपारच्या वर्गात माझा हात पहिला वर जायचा आणि सरांना वाटायचं, मुलगी हुशार आहे.

दिवाळीनंतर पुन्हा चाचणी झाली. दोन गुणांनी माझी पहिली तुकडी हुकली. संध्याकाळी वहिनीनं माझा पेपर मागून घेतला, ओसरीत मांडी घालून बसली आणि लाल पेनानं अकरा चुका काढल्या. सरांनी नऊच काढल्या होत्या.