आबांनी परत नेलेले टाक

आळेफाट्यावर मी एसटीत चढलो तेव्हा खिडकीशी येऊन वडील, म्हणजे आमचे आबा, एवढंच म्हणाले, "बिऱ्हाड मांडलंस की कळव. देव घिऊन येतो." राजुरीच्या आमच्या घरात रीतच आहे, देवघरातले चांदीचे टाक थोरल्या मुलाकडं जायचे. थोरला मी. पण मी निघालो होतो सायप्रसला, हॉटेलच्या किचनमध्ये. हसलो आणि मान हलवली. जायची लई घाई झाली होती मला.

नव्वदचं दशक सरत होतं तेव्हा. माझ्या बरोबरीचे काही गावीच राहिले, काही पुण्या-चाकणला गेले, माझ्यासारखे एक-दोन पार समुद्रापलीकडं. सात-आठ वर्षांनी लग्न झालं, फ्लॅट घेतला, आणि आबा खरंच आले. विमानतळावर त्यांनी हातातली बॅग डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवरच धरली. "कोण चोरतंय आबा तुमची धोतरं?" मी चेष्टा केली. ते खिडकीतून बघत म्हणाले, "रस्ता आपल्यावानीच डाव्या अंगाचा हाय की!"

रविवारी त्यांना पाफोसला नेलं. बेट दाखवायची मला कोण हौस! आधी डोंगर कोरून केलेली थडगी, मग फरशीवरची चित्रं, मग मोडक्या खांबांची देवळं. देवळाचा चौथरा दिसला की आबा चपला काढायचे. शेवटच्या ठिकाणी दगड तव्यासारखे तापलेले. तरी म्हातारा अनवाणी दोरीपलीकडं गेला आणि त्या रिकाम्या चौथऱ्यावर डोकं टेकायला वाकला. रखवालदारानं शिट्टी मारली. टुरिस्ट वळून बघायला लागले, आणि माझं डोकंच फिरलं.

"आबा, लाज आणू नका! इथं देवाला कुणी पूजत नाही. नुसतं बघायचं असतं."

ते उठले, चपला घातल्या. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बरं."

उरलेले आठ दिवस ते फ्लॅटबाहेर पडलेच नाहीत. मला वाटलं, पाय भाजले असतील. ते गावी पोचले आणि आईचा फोन आला. "का रं, देव माघारी का आनलं ह्यांनी? इचारलं तर म्हनत्यात, तितं पूजा व्हायची न्हाई."

तेव्हा कळलं, त्या बॅगेत काय होतं.

फोन उचलून माफी मागायला पाच मिनिटं पुरली असती. मी करंटा, पुढच्या सुट्टीत समोर बसून बोलू म्हणत राहिलो. सुट्टीआधी आबा गेले.

टाक आता धाकट्याकडं आहेत. गावी गेलो की पहाटे अंघोळ करून देवघराशी जातो. धाकटा ताम्हनात एकेक टाक धुतो, पुसतो, हळद-कुंकू लावतो. माझा हात पुढं होतो, तेवढ्यात त्याची बायको पाट सरकवते. "दादा, तुमी बसा निवांत. चार दिसांचं पावणं तुमी."

मी बसतो. आणि नुसतं बघतो.