मल्लण्णाची कातर

माझ्या चुलत्याच्या तोंडावर माणूस थुंकला, आणि मी काउंटरमागं मोबाईल बघत उभा राहिलो.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून 'देवमाणूस', 'खरा कलाकार' असं लिहून सगळे मला टॅग करायलेत. किळस यायलीय.
त्यांची न्हाई. माझी.

ओळखत नसलेल्यांसाठी सांगतो. अप्पा म्हणजे माझे चुलते, गाणगापुरात भांड्यांवर नावं घालायचे. छिन्नी आणि हातोडी, बस्स. मशीन कधी घेतली न्हाई.

करजगीचा मल्लण्णा मेंढरं कातरायची कातर घेऊन आला. जावयानं पुण्याहून आणलेली, स्टेनलेसची, कडक पाणी दिलेली, म्हणजे तापवून टणक केलेली. कातरणीला सगळे एकत्र बसले की कातरींची अदलाबदल होते, म्हणून नाव पाहिजे होतं.

असल्या स्टीलवर छिन्नी घसरते. जोर लावला की टोक मोडतं. मग दगडावर घासा, परत बसा.
दोन दिवसांत अप्पांचा 'म' झाला. नुसता 'म'.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. मला कुठला दम निघतोय!

अप्पा डोळे दाखवायला कलबुर्गीला गेले, त्या दिवशी मी कातर गॅसवर लाल केली आणि गार व्हायला राखेत पुरली. स्टील नरम पडलं. दुपारपर्यंत नाव पूर्ण, वर पॉलिश. अप्पांचंच काम समजून मल्लण्णा खुशीत घेऊन गेला. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

भाजलं की पाणी उतरतं, धार टिकत न्हाई, हे मला माहीत होतं. एवढं काय होतंय, म्हटलं.

दोन मेंढरांतच धार गेली. लोकर ओढली गेली, कातडं फाटलं.
मल्लण्णानं येऊन कातर अप्पांसमोर फेकली आणि थुंकला.

अप्पांनी कातरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "चुकलं, मल्लण्णा."

त्यानंतर करजगीचं एक भांडं दुकानात आलं न्हाई. अप्पाचा हात गेला, असं बाजारभर झालं. चाळीस वर्षं कमावलेलं नाव माझ्या एका दुपारीत गेलं. अप्पा ऐकून घ्यायचे. मी चहा प्यायचो.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांना विचारलं, माझं नाव कामून सांगितलं न्हाई?

"तू सांगशील म्हणून वाट बघितलो."

त्यावरही मी वर्ष घालवलं. एवढा कोडगा माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

आज सकाळी मल्लण्णाला फोन करून सगळं सांगितलं. 
तो म्हणाला, "त्यो असताना सांगायचं न्हाई व्हय रे? मी त्याच्या मातीलाबी आलो न्हाई."
आणि फोन ठेवला.

अप्पा, ती कातर मी भाजली. गावानं वाचावं म्हणून ही पोस्ट पब्लिक ठेवलीय.

श्रद्धांजली वाहायला तोंड न्हाई मला. नुसता नमस्कार करतो.